वाडीवर ड्रोन घोंगावतोय? दगड उचलायच्या आधी हे वाचा

मागच्याच्या मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेनऊ-दहा वाजले असतील, काकी मागच्या न्हाणीत आंघोळीला गेलेली, आणि आमची न्हाणी म्हणजे कशी, तर तीन बाजूंना चिऱ्याची भिंत, पुढे झापांचा आडोसा आणि डोक्यावर उघडं आभाळ, जुन्या घरांना असते तशीच. तेवढ्यात माडांच्या शेंड्यांवरून आवाज यायला लागला. शेजारची आजी ओरडली, "रे मेल्या, ह्या काय घोंगावता माडार?" चुलतभाऊ धावत आला, खुंटीवरची गलोल काढली, माकडांवर मारून मारून हात बसलेला होताच, तिसऱ्या दगडाला ड्रोन गिरक्या घेत खाली आला आणि विहिरीच्या कठड्यावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. सगळ्या वाडीने शाबासकी दिली. ती शाबासकी दुपारपर्यंत टिकली, कारण दुपारी ड्रोनवाला मुलगा पोलिसांना घेऊन आला, हातात ८५ हजारांचं बिल.

बाजूच्या वाडीत लग्न होतं त्याचं शूटिंग चाललेलं. पण खरी चूक ती नव्हेच. भावाने रागाच्या भरात ड्रोनमधलं मेमरी कार्ड काढून विहिरीत टाकलं होतं. म्हणजे काकीचं शूटिंग झालं की नाही हे सांगणारा एकुलता एक पुरावा आमच्याच माणसाने बुडवला आणि फोडलेला ड्रोन मात्र पोलिसांच्या टेबलावर. तक्रारदार आम्ही असायला हवे होतो, झालो आरोपी. शेवटी ४० हजारांवर मिटलं, दोन हप्त्यांत, काजूच्या पैशातून.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो, वकिलांना विचारलं, नियम वाचले, आणि आता गावात कुणाकडे ड्रोन आला की फोन मला येतो. तेच सगळं इथे एकदाचं लिहून टाकतो.

आधी हे डोक्यात घ्या: सातबाऱ्यावर आभाळाचा रकाना नाही

गडगा, म्हणजे आपल्या हद्दीचं दगडी कुंपण, जमिनीवर संपतो. आपल्याला वाटतं की जमीन आपली म्हणजे वरचं सगळंच आपलं, आणि जुन्या काळी कायदाही असंच मानायचा, पण विमानं आल्यावर ते मोडीत निघालं. अमेरिकेत १९४६ साली यावर तिथल्या सुप्रीम कोर्टात कॉसबी म्हणून केस गाजली. नॉर्थ कॅरोलिनामधल्या शेतकऱ्याच्या पोल्ट्रीवरून लष्करी विमानं इतकी खालून जायची की घाबरलेल्या कोंबड्या भिंतीवर आपटून मरायच्या, दीडशेच्या आसपास मेल्या. कोर्ट म्हणालं की आभाळाच्या टोकापर्यंत मालकी ही कल्पना आता चालणार नाही, पण जमिनीलगतची जेवढी हवा मालक खरोखर वापरतो तेवढी त्याची. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्याच्या कलम १७ मध्ये साधारण असंच होतं, की वारा-हवामान वगैरे बघता वाजवी उंचीवरून विमान नुसतं गेलं एवढ्या कारणावर अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा लावता येणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला.

ड्रोनसाठी मुख्य नियम म्हणजे ड्रोन नियम २०२१, २५ ऑगस्ट २०२१ ला आलेले. त्यात देशाचं आभाळ हिरवा, पिवळा, लाल अशा तीन झोनमध्ये वाटलंय. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, आणि कोकणातला बराचसा भाग हिरवाच आहे. म्हणजे तुमच्या आंब्याच्या बागेवरून कुणी ३०० फुटांवरून ड्रोन नेला तर 'माझी परवानगी घेतली नाही' एवढा मुद्दा पुरत नाही. कटू आहे, पण आहे हे असं आहे.

पाडला तर काय होतं

भारतीय न्याय संहितेत दुसऱ्याच्या वस्तूचं मुद्दाम नुकसान करण्याला कलम ३२४ आहे, कायद्याच्या मराठीत त्याला आगळीक म्हणतात. साधी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा दंड. नुकसान २० हजार ते एक लाखाच्या मध्ये असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा वर असेल तर पाच वर्षांपर्यंत. आता बाजारात बरा कॅमेरा ड्रोन कितीला मिळतो ते बघा म्हणजे आपण कुठल्या खणात बसतो ते कळेल. फवारणीचा ड्रोन तर लाखांच्या घरातच असतो.

वर, पडणारी वस्तू कुणाच्या डोक्यात पडली तर दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला म्हणून कलम १२५ तुमच्यावर लागू शकतं, ड्रोनवाल्यावर नाही. दहा लिटरची टाकी भरलेला फवारणीचा ड्रोन पंचवीसेक किलोचा असतो, तो औषधासकट तुमच्याच विहिरीत पडला तर काय कराल?

बंदुकीचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडे डुकरं-माकडांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना घरोघरी नसला तरी वाडीत एखादा असतोच. तो परवाना पिकासाठी आहे. ड्रोनवर बार काढलात तर परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून परवानाही जाईल आणि हत्यार कायद्याची केसही येईल. यूट्यूबवर अमेरिकेतला तो शॉटगनवाला दाखवतात ना, २०१५ ची केंटकीतली केस आहे ती, खालच्या कोर्टाने त्याच्यावरचे आरोप काढून टाकले म्हणून लोक टाळ्या वाजवतात. पण तिथलं विमान खातंही ड्रोनला विमानच धरतं, आणि तो निकाल एका काउंटी कोर्टाचा, आपल्या फौजदाराला तो दाखवून उपयोग शून्य.

सिग्नल जॅमर ऑनलाइन मिळतो म्हणून मागवू नका, केंद्राच्या परवानगीशिवाय तो विकणं, घेणं, वापरणं सगळंच बेकायदा आहे. नायलॉन मांजा ताणून ठेवणं हाही उपाय नव्हे, त्यावर बंदी आहे आणि त्यात घार-बगळेच आधी अडकतील.

मग स्वसंरक्षणाचं काय? आहे तो हक्क, न्याय संहितेच्या कलम ३४ पासून पुढे. पण पोलिसांकडे जायला वेळ होता तर तो हक्क मिळत नाही आणि गरजेपेक्षा जास्त नुकसान केलेलं चालत नाही. त्यामुळे ७० फुटांवर थांबलेल्या ड्रोनला हा बचाव पातळ पडतो. तोच ड्रोन अंगणात खेळणाऱ्या पोरावर झेपावत आला आणि तुम्ही हातातल्या आकड्याने किंवा काठीने हाणला, तर ती गोष्ट निराळी, तिथे वकिलाला बोलायला जागा आहे.

पायरी १: ड्रोन कुणाचा असू शकतो ते बघा

हे लोक सोडूनच देतात. कोकणपट्टीत हल्ली चार-पाच प्रकारचे ड्रोन फिरतात. किनाऱ्यावर मत्स्य विभागाचे, जानेवारी २०२५ पासून एलईडी दिव्यांच्या आणि बेकायदा पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर नजर ठेवायला लावलेले. गावठाणाच्या मोजणीचे, स्वामित्व योजनेत, जी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा आठवत असेल तर ग्रामपंचायतीने घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारायला सांगितलं होतं. मग फवारणीचे, त्यात नमो ड्रोन दीदी या सरकारी योजनेतल्या बचत गटाच्या बायका असतील. मग लग्न, होमस्टे आणि रीलवाले. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे 'सी व्ह्यू प्लॉट' विकणारे, ते स्वतःच्या दोन गुंठ्यांसाठी अख्ख्या वाडीचं शूटिंग करतात.

सरकारी ड्रोन पाडलात तर सरकारी कामात अडथळा आणि सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान असं दोन्ही गळ्यात येतं. म्हणून आधी पोलीस पाटील किंवा ग्रामसेवकाला एक फोन करा, "आज कसली मोजणी-बिजणी आहे काय?" दोन मिनिटांचं काम आहे.

रात्री दिवे दिसले की चोर टेहळणी करतायत ही अफवा पण पसरते, २०२४ च्या पावसाळ्यात पुणे-बीडकडे लोक त्यापायी रात्र रात्र जागले. खात्री नसेल तर ११२ ला कळवा, ग्रुपवर नको.

पायरी २: शूटिंग करा, पण नीट

मोबाईल आडवा धरा, आणि नुसता ड्रोन झूम करून दाखवू नका, निळ्या आभाळात काळा ठिपका म्हणजे पुरावा नव्हे. फ्रेममध्ये आपल्या घराचं कौल, माडाचा शेंडा, न्हाणीची भिंत येऊ द्या. माड साधारण ६० ते ८० फुटांचा धरला तर ड्रोन त्याच्या वर की खाली यावरून उंचीचा अंदाज येतो, आणि पोलिसांनाही पटतो. तोंडाने तारीख, वेळ, गाव बोला. ड्रोन जात होता की एका जागी थांबला होता हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण जाणारा ड्रोन आणि न्हाणीवर चार मिनिटं थांबलेला ड्रोन यात कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवायचा मोह आवरा. एक तर फाईल दबते आणि आतली माहिती उडते, दुसरं म्हणजे सगळ्या गावाला काकीची न्हाणी दाखवण्यात काय अर्थ आहे? मूळ फाईल मूळ फोनमध्ये राहू द्या, कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि फोन विकून टाकला असेल तर तिथेच पंचाईत.

पायरी ३: ड्रोन सोडा, माणूस गाठा

हीच खरी किल्ली आहे आणि भावाने त्या दिवशी एवढंच केलं असतं तर ४० हजार वाचले असते. छोट्या ड्रोनची बॅटरी वीस-तीस मिनिटंच चालते आणि नंतर तो बहुतेक वेळा उडाला तिथेच उतरतो. नियमाप्रमाणे उडवणाऱ्याला तो डोळ्यांनी दिसत राहायला हवा, म्हणजे माणूस लांब नसतो. आपल्याकडे माडा-पोफळीत उभं राहून कुणाला ड्रोन उडवता येत नाही, त्यामुळे तो असणार सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, किनाऱ्यावर, शाळेच्या मैदानात नाहीतर नव्या बंगल्याच्या गच्चीवर. दोघं जण बाईकवरून जा. एकटं जाऊ नका, आणि दहा जणांनी तर अजिबात जाऊ नका, जमाव जमवला की गुन्ह्याचा विषयच बदलतो.

भेटला की शिव्या न देता विचारा. ड्रोनचा यूआयएन नंबर काय? सरकारी पोर्टलवर ड्रोनची नोंदणी करून मिळतो तो. थर्ड पार्टी विमा आहे का? २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला विमा लागत नाही, त्यावरच्यांना लागतो. पायलट सर्टिफिकेट आहे का? नॅनोला आणि दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवणाऱ्याला ते लागत नाही, पण लग्नाचं, प्लॉटचं शूटिंग पैसे घेऊन करणारा हौशी नव्हे, त्याचा ड्रोन २५० ग्रॅमच्या वर असेल तर सर्टिफिकेट हवंच. माझा अनुभव असा की या तिसऱ्या प्रश्नाला दहातले आठ जण "दादा, मिटवून टाकूया ना" म्हणतात.

मग त्याला समोर फुटेज दाखवायला सांगा. त्याने स्वतःहून दाखवलं तर बघा, स्वतःहून डिलीट केलं तर बरंच. पण फूटेजमध्ये खरंच बाईमाणसाचं काही असेल तर डिलीट करायला लावू नका, तो पुरावा आहे, तिथूनच ११२ फिरवा. रिमोट, कार्ड, मोबाईल हिसकावून घेऊ नका.

तो तुमच्याच जमिनीत उभा राहून उडवत असेल तर प्रश्न सोपा. वर त्याचं काही असो, खाली जमीन तुमची आहे, बाहेर हो म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

पायरी ४: झोन तपासा

डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलच्या मॅपवर आपलं गाव बघून ठेवा. विमानतळाच्या अगदी जवळचा पट्टा लाल, तिथे केंद्राच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी हवी, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये हिरवी हद्द ४०० वरून २०० फुटांवर येते. चिपी विमानतळामुळे परुळे, भोगवे, निवती, कोचरे बाजूच्यांनी आणि रत्नागिरीत मिरजोळ्याच्या आसपासच्यांनी हा मॅप बघाच, तिथे तुमची केस बसल्या जागी भक्कम होते. याशिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो, आणि जत्रा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा असला की जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेशही निघतो.

ग्रामसभेत ठराव करून 'आमच्या गावात ड्रोनबंदी' असा बोर्ड लावणारे पण आहेत. बोर्डाने बाहेरचा माणूस बिचकतो खरा, पण आभाळावर ग्रामपंचायतीचा अधिकार चालत नाही, त्या बोर्डावर विसंबून कुणाचा ड्रोन पाडू नका.

पायरी ५: तक्रार लिहा, आणि मोजकी लिहा

"ड्रोनमुळे आमच्या खाजगीपणाचा भंग झाला" असं लिहून नेलं की ठाण्यात ते कागदांच्या ढिगाखाली जातं. काय घडलं ते लिहा. असं: 'दि. अमुक रोजी सकाळी ९.४० ते ९.५२ या वेळेत माझ्या घराच्या मागील न्हाणीवर अंदाजे ७० फूट उंचीवर काळ्या रंगाचा चार पंखांचा ड्रोन थांबलेला होता. त्या वेळी माझी काकू आंघोळ करत होती. ड्रोन नंतर सड्यावर उतरला. उडवणाऱ्याकडे पांढरी गाडी होती, तिचा नंबर अमुक.' मग कलमं.

बाईची आंघोळ, कपडे बदलणं असं काही बघितलं किंवा टिपलं असेल तर न्याय संहितेचं कलम ७७, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं. हा दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर घ्यावाच लागतो. खाजगी अवयवांचं चित्रण असेल, बाई असो वा पुरुष, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई, तीन वर्षांपर्यंत किंवा दोन लाखांपर्यंत दंड. एकाच बाईच्या मागे पुन्हा पुन्हा ड्रोन येत असेल तर पाठलागाचं कलम ७८ पण विचारात घ्यायला सांगा. नोंदणी नाही, विमा नाही, लाल झोन, कुणाच्या जिवाला-मालाला धोका होईल असं उडवणं, हे ड्रोन नियमांचं उल्लंघन, त्याला एक लाखापर्यंत दंड आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसतं अंगण, वाळत घातलेली आमसुलं आणि पडवीत बसलेले आजोबा शूट झाले तर एफआयआर होईल असं कलम हातात सापडत नाही. अतिक्रमणाचं कलम माणसाने आत शिरण्यासाठी लिहिलेलं आहे, ड्रोनवर ते ताणलं तर ताणलं जातं, पण ठाण्यात कुणी सहज मानत नाही. अशा वेळी तक्रार ड्रोन नियमांवर ठेवा, तिथे बहुतेकांची कागदपत्रं लंगडीच असतात.

ठाण्यात घेतलंच नाही तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. पोच घ्या. पोचेशिवाय अर्ज म्हणजे समुद्रात टाकलेला नारळ.

पायरी ६: रोजचाच त्रास असेल तर

शेजारचा रिसॉर्टवाला रोज संध्याकाळी पाहुण्यांसाठी उडवतो, अशा ठिकाणी पोलीस एकदा येतील, दोनदा येतील. तिथे आठ-दहा दिवसांच्या तारखा-वेळा वहीत लिहा, वकिलाकडून नोटीस द्या, आणि तरी ऐकलं नाही तर दिवाणी कोर्टात उपद्रवाच्या मुद्द्यावर मनाई हुकूम मागा. वेळ लागतो, पण माझ्या बघण्यात निम्मी प्रकरणं नोटिशीवरच थंड होतात, रिसॉर्टवाल्याला रिव्ह्यू प्यारा असतो.

आणि न्हाणीवर पत्रा किंवा हिरवी शेडनेट टाका. हे ऐकून काकी माझ्यावर भडकली होती, "चूक त्यांची आणि झाकून मी घ्यायचं?" तिचं बरोबरच आहे. पण पत्रा एका दुपारी बसला.

ड्रोन आपोआप तुमच्या वाडीत पडला तर

बॅटरी संपून, वाऱ्याने, माडाच्या चुडतात अडकून पडतात हल्ली. पडला म्हणून तो तुमचा होत नाही, लपवून ठेवलात किंवा विकलात तर ते दुसऱ्याचा माल हडप करणं झालं. जागेवरच फोटो काढा, पोलीस पाटलाला बोलवा, शक्य तर पंचनामा करून मगच द्या. कार्डाला हात लावू नका, आमचं उदाहरण समोर आहेच. बॅटरी फुगलेली, चेपलेली दिसली तर लांब राहा, त्या लिथियमच्या बॅटऱ्या थोड्या वेळाने पण पेट घेतात, पेंढ्याच्या उडवीजवळ किंवा काजूच्या पाचोळ्यात पडला असेल तर आधी आजूबाजूचं सुकं काढा. कौल फुटलं, सौर पॅनेल गेलं तर नुकसानीचे फोटो आणि गवंड्याचं लेखी एस्टिमेट घेऊन विम्याचा क्लेम मागा, विमा सक्तीचा आहे तो यासाठीच.

आणि जर आधीच पाडून बसला असाल

तर पळवापळवी करू नका. तुकडे होते तसे ठेवा, कार्ड आत राहू द्या, तुमची तक्रार त्याच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी नोंदवा, नाहीतर नंतर दिलेली तक्रार सूड म्हणून धरली जाते. का पाडला हे लिहिताना फुशारकी नको. वकिलाशी बोलल्याशिवाय "हो, मीच पाडला" असा जबाब पण नको. तंटामुक्ती समितीत किंवा ठाण्यात तडजोड होत असेल तर ड्रोनचं बिल मागा, घसारा धरा, दोन वर्षं वापरलेल्या वस्तूचे नव्याचे पैसे का द्यायचे, आणि त्याच्याकडे नोंदणी-विमा नसेल तर तोही पत्ता टेबलावर ठेवा, ८५ चे ४० त्यामुळेच झाले. तडजोड लेखी, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तक्रार मागे घेतली असं स्पष्ट वाक्य. पैसे रोख देऊ नका. आमच्या भावाने पहिला हप्ता रोख दिला आणि दुसऱ्याच्या वेळी मुलगा म्हणाला पहिला मिळालाच नाही, तेव्हा लग्नघरच्या आजोबांनी साक्ष दिली म्हणून निभावलं.